टोकाकडे कापड कमी

दिवाळ्याच्या जेट्टीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं दुकान: एक मशीन, एक पंखा,
कात्रीच्या मुठीवर माझ्याच अंगठ्याचा खड्डा.
फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश,
आणि करावे गावची कबड्डी जवळ आली
की पताका. तीनशे. कधी चारशे.
पट्टीवर एक सुलटी, एक उलटी आखायची,
चिंधीसुद्धा उरत नाही.

कापताना बाबांचं ऐकू येतं,
ते आता बोलत नाहीत तरी.
धर्माजी तांडेल. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर,
त्यातली निम्मी निशाणांच्या कपाटापाशी.
चाळीस खण. अंधारातही हाताला कळायचं
कुठलं कुठे:
अक्षरं चौकोनी, आकडे निमुळते.

निमुळते का, मी विचारलं होतं.
त्यांनी मला धक्क्यावर नेलं,
हातात आईचा जुना ओढणा दिला.
संध्याकाळपर्यंत धरून उभी राहा म्हणाले, मग बघ.
वारा बाहेरचा कोपरा आधी खातो, पोरी.
जिथं फडफड जास्त, तिथं कापड कमी ठेवायचं.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
शिवण शिकले ती नंतर.

त्यांची लाडकी एकच:
तांबडे-पांढरे उभे पट्टे, टोक छाटलेलं,
उत्तराची पताका.
समोरच्या जहाजानं काही सांगितलं
की ती दोरीवर अर्धीच चढवायची.
म्हणजे, *बगितलाय, पन समाजला नाय.*
मग पुस्तक काढायचं, ओल्या बोटानं पानं उलटायची,
अर्थ लागला की न्यायची पार वर.
अर्ध्यावर थांबायची लाज नसते, म्हणायचे,
न समजता वर गेली तर गाठ खडकाशी.

मी किती वेळा तशीच वर नेली.
साडेबारा टक्क्यांच्या कागदावर
दिरांनी बोट ठेवलं तिथं सही करताना,
हो, समजलं.
डॉक्टर त्या रात्री इंग्रजीत मेंदूबद्दल बोलत होते,
हो हो, समजलं.

यंदा एक ऑर्डर वेगळीच आली.
जुईलीचे सर म्हणाले, तलावावरच्या पताका कुजल्यात,
नव्या करून द्याल का, नायलॉनच्या, आलटून पालटून दोन रंग.
मला वाटायचं ती शोभा.
आई, शोभा कसली, पोरगी म्हणाली,
आम्ही उताण्या पोहतो, भिंत दिसत नाही.
डोक्यावरून त्रिकोण गेले
की पाच मीटर उरले.
तिथून हात मोजायचे. माझे चार होतात.
महिनाभर दोरी रिकामी होती,
तिच्या बोटांची सालं निघाली होती त्या भिंतीवर,
आणि मला ती सांगत होती, बेंचला घासलं.

स्पर्धेच्या दिवशी बाबांना रिक्षात घालून नेलं.
प्लास्टिकच्या खुर्चीत, डावी बाजू उशीला टेकवून.
लाउडस्पीकर, क्लोरीनचा वास,
पायऱ्यांवर कुणीतरी वडापावचे कागद उडू देत होतं.
जुईली तिसऱ्या लेनमध्ये.
तिचं तोंड आभाळाकडे, आणि आभाळात
मी शिवलेली ओळ,
एका जागी टाका जरा ओढला गेलाय, तो मलाच दिसला.
त्याखालून ती गेली. एक, दोन,
तीन, चार,
तळवा भिंतीला.

पाचवी आली. सहा जणींत.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते.
ते दोरीकडे बघत होते, टोकांकडे,
वाचत होते बहुतेक,
लाल पिवळा लाल पिवळा, ज्याचा कुठल्याच पुस्तकात अर्थ नाही.
मग त्यांचा उजवा हात मांडीवरून निघाला,
छातीपाशी आला
आणि थांबला.

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, हां बाबा,
आपली जुईली, समजलं ना?
आणि हात धरून वर केला असता.

सर ओरडत होते, पुढची शर्यत, पुढची शर्यत.
मी खुर्चीशेजारी ओल्या फरशीवर बसले.
हात तिथंच होता.
वारा होता थोडा. पताका वाजत होत्या.